बर्फाने घालवलेले तीन आठवडे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी फळमाशीची अंडाशयं काढायला शिकले. मादीला दोन दिवस ओलं यीस्ट चारायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमट्यांनी पोट उघडायचं. अंडपेशीच्या वाढीच्या १४ अवस्था, अगदी कोवळीपासून घालायला तयार अंड्यापर्यंत. पेशीच्या सांगाड्यावर काम करायचं असेल तर नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

आधी ॲक्टिन, म्हणजे सांगाड्यातले बारीक प्रथिनधागे, रंगवा. ॲक्टिनला चिकटून ते चमकवणारं फॅलॉइडिन सहसा दगा देत नाही, फक्त त्याआधी मिथेनॉल वापरू नका. अंडाशयात एक पेशी चारदा विभागते, पण पुरती तुटत नाही. १६ पेशी १५ खिडक्यांनी जोडलेल्या राहतात. त्यांतली एक अंडपेशी होते, उरलेल्या १५ तिला पोसतात. या खिडक्यांच्या ॲक्टिनच्या चौकटी काळ्या पडद्यावर बांगड्यांसारख्या चमकतात. अंडपेशीला चार बांगड्या. मी त्या मोजत बसायचे.

सूक्ष्मनलिकांनी, म्हणजे सांगाड्यातल्या पोकळ प्रथिननळ्यांनी, मात्र रडवलं. तीन आठवडे नुसतं धुकं. नलिकांना चिकटून त्या दाखवणारी अँटिबॉडी बदलली, वेळ बदलली, काही फरक नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईने विचारलं, ‘‘बर्फावर काढतेस का गं?’’ हो, प्रथिनं जपायची म्हणून सगळं बर्फावरच! थंडीत सूक्ष्मनलिका विरघळतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हाताला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून एका वेळी मोजक्याच माश्या घेते, खोलीच्या तापमानाला काढते आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहे तशी गोठवून ठेवणाऱ्या रसायनात, टाकते.

अंडपेशीतलं नलिकांचं जाळं दिसलं की दुसरा सापळा. नवव्या अवस्थेत ते पुढच्या टोकाला दाट, मागे विरळ दिसतं. मी वहीत लिहिलं: ‘पुढून मागे सरळ रस्ते’. चूक. रंगवलेल्या चित्रात नलिकेचं धन टोक, म्हणजे वेगाने वाढणारं टोक, कुठलं ते कळतच नाही. जिवंत पेशीत पाहिलं तर नलिका सगळीकडे वाढतात, मागच्या बाजूला थोडासाच कल असतो. तेवढ्या कलावर कायनेसिन हे नलिकांवरून माल वाहणारं प्रथिन ‘ऑस्कर’ नावाच्या जनुकाचा आरएनए (त्याच्या संदेशाची प्रत) मागच्या टोकाला पोचवतं, आणि पुढच्या पिढीच्या जननपेशी तिथेच घडतात.

म्हणून लवकरात लवकर तेलात ठेवलेली जिवंत अंडाशयं बघा. दहाव्या अवस्थेच्या उत्तरार्धात अंडपेशीतली ॲक्टिनची जाळी मोडते आणि पिवळ्या बलकाचे कण गरागरा फिरू लागतात. कुठलाही रंग न घालता, साध्या प्रकाशातही दिसतात. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला होता.