शिवराई घासू नका! जुन्या धातूच्या बाबतीत या चुका टाळा

चिंच-मिठाने लख्ख केलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, कुणी कौतुकाने हातावर ठेवली की काय बोलावं सुचत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते ठीक. पण मीठ म्हणजे क्लोराइड, म्हणजे तांब्याचा सख्खा वैरी. शिवाय तो गुळगुळीत गडद हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच शिल्लक असतात. थर गेला, अक्षरं गेली.

फिकट पोपटी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर मात्र सावध व्हा. हा ‘ब्रॉन्झ डिसीज’. आत दडलेल्या क्युप्रस क्लोराइडला दमट हवा मिळाली की आम्ल तयार होतं, ते आतलं चांगलं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि चक्र चालूच. आमच्याकडे एका उत्साही पोराने एप्रिलमध्ये नाण्यांचा अख्खा ट्रे ब्रशने साफ करून थेट लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) मारला. “सर, एका दिवसात काम संपलं!” मीही घाईत होतो, बघून मान डोलावली. जुलैत कपाट उघडलं तर लॅकरला फोड आलेले आणि खाली पोपटी भुकटी. मग ॲसिटोनने लॅकर उतरवा, सुईने एकेक खड्डा कोरा, अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेंझोट्रायाझोलमध्ये, म्हणजे तांब्याची झीज रोखणाऱ्या द्रावात, नाणी बुडवा (हातमोजे घालूनच, ते रसायन अंगाला बरं नाही). दिवाळी आली तरी आम्ही तिथेच.

तेव्हापासून माझी सवय अशी: उपचार झालेलं नाणं ओल्या कापसाशेजारी, पण कापसाला न टेकवता, बंद डबीत दोन दिवस ठेवायचं. पोपटी ठिपका उमटला तर पुन्हा पहिल्यापासून. लॅकर सगळ्यात शेवटी.

लोखंडाचं दुखणंही क्लोराइडचंच, फक्त वेळ जास्त लागतो. २ टक्के कॉस्टिक सोड्यात महिनोन्‌महिने भिजवायचं, पाणी बदलत राहायचं. क्लोराइड निघतंय का, हे सिल्व्हर नायट्रेटने बघताना आधी नमुन्यात नायट्रिक ॲसिड घाला. नाहीतर सोड्यामुळेच तपकिरी साका बसतो आणि नवशिके तो बघून गोंधळतात.

समुद्रातून काढलेली तोफ उन्हात वाळवू नका, पपुद्रे सुटतील. तलवारीच्या पात्याला सँडपेपर लावू नका, जौहर, म्हणजे पोलादातली लहरदार नक्षी, पुसला जातो. कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवता ना? मग ते गुलाबी पडल्यावर तापवून पुन्हा निळं करायला पावसाळाभर विसरू नका.