निपाणीचं मरण कोल्हापूरच्या वहीत

एम.पी.एच.च्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. निपाणी भागातल्या काही गावांच्या मृत्यूनोंदी घेऊन कर्करोगाचे मृत्यू मोजले, आणि आकडा इतका कमी आला की मी खूश. तंबाखूच्या पट्ट्यात कर्करोग कमी, म्हणजे शोधच लागला की! मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही माणसं शेवटी दवाखान्याला कुठं जातात गं?"

कोल्हापूरला, नाहीतर मिरजेला. आपल्याकडं मृत्यू जिथं घडतो तिथंच नोंदवतात. माणूस कर्नाटकातला, मरण महाराष्ट्राच्या वहीत. माझ्या हातात अर्धीच वही होती.

देशादेशांतला रोगभार, म्हणजे कुठल्या आजारानं किती आयुष्य वाया जातं, हे मोजण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी म्हणूनच ही फजिती आधी सांगते. दोनशेच्या आसपास देशांचा रंगीत नकाशा पाहून वाटतं, कुणीतरी सगळं मोजून ठेवलंय. पुष्कळ ठिकाणी मोजलेलं नसतं, अंदाजलेलं असतं. ज्या देशात मृत्यूनोंदी धड नाहीत तिथला आकडा शेजारच्या देशांच्या माहितीवरून आणि सांख्यिकी मॉडेलमधून येतो. आकड्याशेजारची अनिश्चिततेची मर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो ते, म्हणूनच वाचायची. ती रुंद असेल तर दोन देशांत पहिला कोण आणि दुसरा कोण यावर वाद घालू नये.

मोजमापाचं एकक डॅली. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांच्या कामातून ते पुढं आलं आणि जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालामुळं सगळीकडं पोचलं. अकाली गेलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं (आजार जितका जड तितकी ती जास्त धरायची), इतकं ते साधं आहे. जागतिक रोगभाराच्या २०१०च्या अभ्यासाची फूटपट्टी धरली तर पन्नासाव्या वर्षी गेलेल्या माणसामागं सुमारे ३७ वर्षं वाया, जन्मताच गेलेल्या बाळामागं ८६. माणूस टोकियोचा असो की चिकोडीचा, पट्टी एकच. मला या विषयातलं सगळ्यांत आवडलेलं हेच. एक खड्डा मात्र आहे. सुरुवातीच्या अभ्यासांत ऐन उमेदीच्या वर्षांना जास्त मोल होतं, शिवाय पुढच्या वर्षांना दरसाल ३ टक्के सूट लावत, म्हणजे वर्ष जितकं लांबचं तितकं त्याचं मोल कमी. २०१०च्या अभ्यासात दोन्ही काढून टाकलं. जुना आणि नवा डॅली एका आलेखात घातलात की फसलात.

मृत्यूच्या कारणाची गोष्ट याहून अवघड. 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलेलं तुम्हाला ढिगानं सापडेल. अहो, प्रत्येक मेलेल्याची हृदयक्रिया बंदच पडते! अशा निरुपयोगी नोंदींना या धंद्यात सरळ 'गार्बेज कोड' म्हणतात आणि त्या खऱ्या कारणांवर वाटून टाकाव्या लागतात. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले होते २२.५ टक्के. बाकीच्यांसाठी घरी जाऊन व्हर्बल ऑटॉप्सी करायची, म्हणजे ताप किती दिवस होता, धाप लागायची का, सूज कुठं होती, हे घरच्यांना विचारायचं.

आजारपणाचा भाग मी एका विडी वळणाऱ्या मावशींकडं शिकले. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं चाललेली, मान वर नाही. प्रश्नावलीप्रमाणं विचारलं, "गेल्या महिन्यात काही आजार?"

"न्हाई बाई."

उठताना त्यांनी भिंतीला हात धरला. मी म्हटलं, कंबर दुखते का?

"ती तर रोजचीच की. त्यो काय आजार हाय व्हय?"

जगभरात आजारपणात काढलेल्या वर्षांचं सगळ्यांत मोठं कारण कंबरदुखीच आहे, आणि माझ्या कागदावर ती आली असती शून्य. अमर्त्य सेन यांनी २००२मध्ये हेच दाखवलं होतं: केरळातली माणसं बिहारपेक्षा जास्त जगतात, तरी आजारी असल्याचं सांगतात जास्त. तेव्हा 'आजार आहे का' असं विचारू नका. खाली बसता येतं का, घागर उचलता येते का, असं विचारा.

वयाचं प्रमाणीकरण, म्हणजे दोन्हीकडं वयोगटांचं प्रमाण सारखं धरून तुलना करणं, पहिल्या महिन्यातच शिकून घ्या. खानापूरकडच्या एखाद्या गावातली तरणी पोरं पुण्या-गोव्याला गेली की मागं म्हातारी उरतात आणि मृत्यूदर भयंकर दिसतो. म्हाताऱ्यांचा जपान आणि पोराबाळांचा नायजर शेजारी ठेवले तरी हाच घोळ होतो. 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा शिका, एक्सेलवर फार काळ भागत नाही. भारतातल्या राज्यांचे आकडे हवे असतील तर आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि इतर संस्थांनी २०१७मध्ये काढलेला अभ्यास आधी वाचा. १९९०मध्ये देशाच्या रोगभारात संसर्ग, बाळंतपण आणि कुपोषणाचा वाटा ६१ टक्के होता, २०१६मध्ये ३३ झाला.

आणि कन्नड वाचायला शिका. सीमाभागात हे सांगितलं की भुवया वर जातात, पण काम काम आहे. एका आजोबांच्या मृत्यूचं कारण वहीत कन्नडमध्ये 'हृदयाघात' होतं. सून म्हणाली, "दमा होता, चुलीपुढं तर बसवतच नव्हतं." पत्र्याच्या पेटीतून तिनं दवाखान्याची जुनी चिठ्ठी काढली, त्यावर इंग्रजीत सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. मी सीओपीडीचा कोड घातला.