हरभऱ्यातली घाटेअळी आणि निंबोळी अर्क: माझा अनुभव

पहिल्या वर्षी माझा निंबोळी अर्क वाया गेला. घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, डोकं खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवलेल्या जाड अळ्या दिसल्या, तेव्हा कुठे मी पंप उचलला, तोही भर दुपारी. अळ्यांना काही झालं नाही.

चूक वेळेची होती. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला लगेच मारत नाही. तिचं खाणं तुटतं, कात टाकणं बिघडतं. लहान अळीवर हे चालतं, मोठीवर फारसं नाही. शिवाय उन्हात ते लवकर निकामी होतं.

यंदा फुलं लागायच्या आधीपासूनच रोज सकाळी ओळीत बसून शेंडे पाहिले. कोवळ्या पानांवर हिरवा भाग खरवडलेले पांढुरके डाग दिसले की बारीक अळी आलीच समजा. त्याच संध्याकाळी, पावसाळ्यात वेचून सावलीत वाळवलेल्या 5 किलो निंबोळ्या कुटून 9-10 लिटर पाण्यात भिजवल्या. सकाळी फडक्यातून दोनदा गाळलं (नाहीतर नोझल तुंबतं आणि काम तिथंच अडतं). 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात घातला, एकूण द्रावण 100 लिटर केलं. ऊन उतरल्यावर फवारलं आणि त्याच दिवशी संपवलं.

तिसऱ्या दिवशी अळ्या होत्या, पण मरगळलेल्या. नवे डाग नव्हते. दहा दिवसांनी पुन्हा एक फवारणी घेतली. मध्ये पक्ष्यांसाठी काठ्या रोवल्या होत्या; त्यांवर बसून कोतवाल दिवसभर अळ्या टिपत होते.