रेकॉर्डिंगच्या मध्ये न घरघरणारा पीसी: पार्ट निवडताना काय बघायचं

आधीच्या पीसीत मी मोठ्या हौसेनं लिक्विड कूलर टाकला होता, कारण पाण्याचा म्हणजे शांत असं डोक्यात बसलेलं, आणि बसवल्यावर खरंच फॅन कमी फिरायचे पण त्याचा पंप मात्र पीसी चालू असेपर्यंत बारीक आवाजात गुंगुं करत राहायचा. खोलीत बसून ते कळत पण नव्हतं. कळलं व्होकल रेकॉर्ड करून कंप्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा इफेक्ट) लावल्यावर, कारण कंप्रेसरनं १० डीबी म्हणजे डेसिबल दाबून तेवढाच गेन (आवाजाची पातळी) परत वर घेतला की दोन ओळींच्या मधला आवाज पण १० डीबी वर येतो, आणि मग तो पंप बॅकिंग व्होकल दिल्यासारखा ऐकू यायला लागला. दुसरा पीसी त्यामुळे जरा डोकं लावून बांधला.

सगळ्यात पहिली गोष्ट, शांतता फॅन विकत घेऊन येत नाही, उष्णता कमी करून येते. जेवढे वॅट जळणार तेवढी उष्णता बाहेर काढायला लागणार आणि ते काम हवेचं, हवा जोरात हलवली की आवाज आलाच. म्हणून सुरुवात प्रोसेसरपासून करा, कॅबिनेटपासून नको (सगळे कॅबिनेटपासूनच करतात, दिसायला भारी असतं ना).

प्रोसेसरमध्ये म्युझिकसाठी कोअरची संख्या एवढीच गोष्ट बघायची नसते. एका ट्रॅकवर इक्यू, मग कंप्रेसर, मग सॅच्युरेशन अशी इफेक्टची साखळी असली तर एकाचं काम झाल्याशिवाय पुढच्याला सिग्नल मिळत नाही, त्यामुळे ती अख्खी साखळी साधारण एकाच कोअरवर पडते, मास्टर बसचं (सगळे ट्रॅक एकत्र येतात ती शेवटची वाट) पण तसंच. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटले जातात ते खरं, पण एक कोअर दमला की बाकीचे रिकामे बसलेले असले तरी आवाज तुटतो. म्हणजे सिंगल कोअर दमदार पाहिजे आणि कोअर ८ च्या आसपास असले तरी बहुतेकांचं निवांत भागतं. आता वॅट. रायझन ७ ७७०० हा ६५ वॅटचा आहे आणि ७७००एक्स १०५ वॅटचा, दोघांच्या कामात फरक थोडासाच, उष्णतेत मात्र बराच, आणि एक्सवाला आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) वॅट कमी करणारा इको मोड असतो तो लावा. इंटेलच्या डब्यावर ६५ वॅट वाचून फसू नका, तो बेस आकडा असतो, आय७-१४७०० हा ६५ चा म्हणवतो आणि टर्बोमध्ये म्हणजे पूर्ण जोर लावताना २१९ पर्यंत जाऊ शकतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट खाली ओढता येते आणि ती ओढायचीच.

कूलर मी आता मोठा एअर कूलरच घेईन, नॉक्टुआचा एनएच-डी१५ किंवा बी क्वाएटचा डार्क रॉक प्रो या जातीतला. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर एवढा मोठा कशाला असं कोणी विचारेल, तर त्यासाठीच की, मोठा हीटसिंक (उष्णता पसरवणाऱ्या पत्र्यांचा गठ्ठा) असला की फॅन आरामात फिरतो, आणि फॅनचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डीबीनं उतरतो, एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही. घ्यायच्या आधी उंची मोजा, डी१५ तब्बल १६५ मिलिमीटर आहे आणि सगळ्या कॅबिनेटमध्ये मावत नाही, रॅमवर उंच पत्रे असतील तर तिथेही अडतो.

कॅबिनेटमध्ये दोन पंथ आहेत, एक फोम लावलेली बंद पेटी आणि दुसरी पुढून जाळीवाली. फोम बारीक चिरचिर दाबतो, खालची गुणगुण फारशी दाबत नाही, आणि बंद पेटीत हवा कमी खेळली की फॅनला जास्त फिरावं लागतं, म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. माझं मत, आतला माल थंड असेल तर बंद पेटी चालेल, दणदणीत ग्राफिक्स कार्ड असेल तर जाळीच घ्या. फॅन १४० मिलिमीटरचे घ्या, चार पिनवाले, पुढे दोन मागे एक पुरे. पुढच्या जाळीला धूळफिल्टर असू दे आणि तो साफ करत जा, नाहीतर सहा महिन्यांनी शांत पीसीची गिरणी होते.

आणि फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर फॅन किती फिरेल ते ठरवणारी रेघ! यावर अर्धा तास घालवा, वसूल होतो. सतत एकाच सुरात येणारा आवाज कान विसरतो, चढउतार होणारा विसरत नाही. प्लगइन (इफेक्टचं किंवा वाद्याचं सॉफ्टवेअर) उघडलं की प्रोसेसर क्षणभर तापतो, फॅन लगेच वूंऽऽ करून वर जातो आणि परत खाली, हे डोकं फिरवतं. बायोसमध्ये फॅन उशिरा वर जाईल असा वेळ देता येतो, तो वाढवा आणि ६०-६५ डिग्रीपर्यंत कर्व्ह जवळजवळ सपाट ठेवा.

ग्राफिक्स कार्ड लागतं का? फक्त म्युझिक करणार असाल तर नाही, प्रोसेसरमधलं पुरतं, फक्त इंटेलचा एफ अक्षरवाला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ते नसतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम पण असतील तर कमी लोडवर फॅन थांबवणारं कार्ड बघा. कॉइल व्हाइन म्हणजे कॉइलची बारीक शिट्टी मात्र नशिबाचा भाग, एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत एक वाजतं एक नाही, म्हणून बदलून मिळेल अशा ठिकाणाहूनच घ्या.

पॉवर सप्लाय गरजेपेक्षा जरा मोठा आणि कमी लोडवर फॅन बंद ठेवणारा. रॅम ३२ जीबी, ऑर्केस्ट्राच्या लायब्रऱ्या (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे सँपल) असतील तर ६४, आणि दोनच स्टिकमध्ये, कारण डीडीआर५ मध्ये चार लावल्या की बहुतेक वेळा स्पीड खाली आणावी लागते. हार्ड डिस्क पीसीत नकोच, ती फिरते, कुरकुरते आणि पत्र्याला थरथरवते. सिस्टिमला एक एनव्हीएमई (बोर्डवर बसणारी, न फिरणारी एसएसडी), सँपलला दुसरी, बॅकअपची डिस्क बाहेर, रेकॉर्डिंगच्या वेळी काढून ठेवलेली. मदरबोर्डवर चिपसेटचा चिमुकला फॅन असेल (एक्स५७० च्या बऱ्याच बोर्डांवर होता) तर सरळ पुढचा बोर्ड बघा. ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा डबा) थंडरबोल्ट पोर्टचा असेल तर तो पोर्ट बोर्डवर खरंच आहे का ते आधी तपासा, नंतर कार्ड लावून बसवू म्हणाल तर प्रत्येक बोर्डवर चालत नाही.

एक तिढा आहे तो सांगून ठेवतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (पीसी एका वेळी तयार करतो तेवढा आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात काम झालं नाही की टक् असा आवाज. तो घालवायला लोक बायोसमधले सगळे पॉवर सेव्हिंग बंद करतात, मग प्रोसेसर रिकामा बसून पण तापतो आणि फॅन परत ओरडायला लागतात. आधी लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते बघा, पुष्कळदा वायफायचा निघतो आणि तो बंद केला की काम होतं.

एवढं करून पण पीसी टेबलावर माइकच्या शेजारी ठेवलात तर काय उपयोग. मोकळ्यात अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डीबी उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, तरी फुकटात मिळतंय ते घ्या. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे इंटरफेस जवळ आणि पीसी लांब ठेवता येतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो, तेव्हा माइकची पाठ पीसीकडे करा.

आता तपासणी. गाताना ठेवता तेवढाच गेन ठेवून एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा, नॉर्मलाइझ करा (म्हणजे अख्खं रेकॉर्डिंग न फाटता जमेल तेवढं मोठं करा) आणि हेडफोनवर ऐका. मग एकेक फॅन बायोसमधून किंवा सॉफ्टवेअरनं थोडा वेळ खाली आणून (प्रोसेसरवर लोड नसताना) परत रेकॉर्ड करा, कोण बोलतंय ते लगेच सापडतं. माझ्याकडे शेवटी सापडला तो पीसीतला फॅनच नव्हता, टेबलाखालच्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर शिट्टी मारत होता.