एलायझा पडताळून घेताना या चुका टाळा

एलायझा म्हणजे अँटिबॉडी वापरून रक्तातलं एखादं प्रथिन मोजायची पद्धत. तिच्या विकतच्या किटच्या माहितीपत्रकात छापलेले आकडे कंपनीने तपासलेल्या नमुन्यांचे असतात. शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंधासाठी आयएल-६ (दाहाशी संबंधित एक प्रथिन) सारखा बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारा पदार्थ, मोजणाऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) ही पद्धत चालते का, हे आपणच तपासायचं असतं.

सगळ्यात जास्त टाळली जाते ती पॅरललिझमची चाचणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. खऱ्या रुग्णाचा, जास्त पातळी असलेला नमुना घ्या. तो दुप्पट, चौपट, आठपट पातळ करा आणि प्रत्येक उत्तराला त्या पटीने गुणा. उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत. पातळ करत जाल तसा आकडा चढत गेला, तर सीरममधलं काहीतरी अँटिबॉडीच्या आड येतंय. किंवा प्रथिन इतकं जास्त आहे की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून गेल्यात आणि एकाच रेणूला दोन्ही बाजूंनी धरणारं सँडविच जुळतच नाही. हाच हुक इफेक्ट.

बरेच जण विकतचं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) प्रथिन सीरममध्ये मिसळतात, ८० ते १२० टक्के रिकव्हरी, म्हणजे मिसळलेल्यापैकी किती मोजलं गेलं ते, दाखवतात आणि तिथेच थांबतात. ही चाचणी हवीच. पण शरीरातल्या प्रथिनाला साखरेचे रेणू जोडलेले असू शकतात, ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेलं असू शकतं. रिकॉम्बिनंट तसंच वागेल याची खात्री नाही.

स्टँडर्डमधून (मात्रा आधीच माहीत असलेल्या नमुन्यांमधून) सरळ रेषा ओढून आर-स्क्वेअर (रेषा किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ आला, यावर समाधान मानू नका. फोर-पॅरामीटर कर्व्ह (इंग्रजी एस आकाराची वक्ररेषा) वापरा आणि प्रत्येक स्टँडर्डची मात्रा त्यावरून उलट काढून बघा. खालच्या टोकाची चूक तिथे उघडी पडते.

एकाच प्लेटवरच्या दोन वेल (खळगे) जुळल्या म्हणजे प्रिसिजन, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येणं, सिद्ध होत नाही. दिवस बदला, काम करणारा बदला. मे महिन्यातलं आणि जुलैच्या झडीतलं खोलीचं तापमान सारखं नसतं, त्यामुळे प्लेट टेबलावर न ठेवता इनक्युबेटरमध्ये ठेवा. गगनबावड्याहून नमुना पावसात उशिरा येणार असेल, तर एकाच रक्ताचे भाग करून तेवढा उशीर मुद्दाम करा आणि फरक मोजा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हेही रुग्णाला विचारा. स्ट्रेप्टाव्हिडिनवर (बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनावर) चालणाऱ्या सँडविच किटमध्ये बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो.

आणि किटचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलण्याआधी रुग्णांच्या सीरमचे छोटे भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवा. जुना आणि नवा लॉट त्यांच्यावरच ताडून बघता येतो.