दिवा लागतो, पण आवाज येत नाही

विसर्जन मिरवणुकीसाठी मंडळाने घेतलेले वॉकीटॉकी 446 मेगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या पट्ट्यातले. त्यातल्या एकावर, समोरचा बोलला की हिरवा दिवा लागायचा, आवाज मात्र नाही. बॅटरी, स्पीकर ठीक. बाजूचं मॉनिटर बटण (येईल ते सगळं थेट ऐकवणारं) दाबून धरलं आणि बोलणं स्वच्छ ऐकू आलं! म्हणजे लहरी पोचत होत्या, सेटच त्यांना अडवत होता. कारण सीटीसीएसएस: बोलण्यासोबत एक खोल सूर जातो, 67 ते 254 हर्ट्झमधला. ठरलेला सूर मिळाला तरच स्पीकर उघडतो. बाकीच्या सेटवर 88.5, यावर 100.0. मेनूत जुळवला, काम झालं. या सुरामुळे संभाषण गुप्त राहत नाही, हे कार्यकर्त्यांना सांगाच. आणि बोलायचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. गर्दीत ‘थांबा’ पोचलाच पाहिजे.