जुन्या बेसबॉल स्टेडियममध्ये पाहुण्या टीमचे फॅन म्हणून जाताय? मग आधी सीट नीट बघा

तुमची टीम बोस्टनला किंवा शिकागोला खेळायला जाणार आहे आणि तुम्हीही तिच्या मागोमाग जायचं ठरवलंय, तर जाच, पण तिकीट काढायची घाई करू नका. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ चं, आणि त्यानंतर तिसऱ्या नंबरचं जुनं म्हणजे थेट १९६२ चं डॉजर स्टेडियम, मधलं मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, काही उरलेलंच नाही. त्यामुळे नव्या स्टेडियममध्ये चालतो तो हिशोब, म्हणजे जितकी महाग सीट तितकं छान दिसणार, तो या दोघांत चालेलच असं नाही.

पहिली गोष्ट खांब. छत आणि वरचा मजला तोलायला दोन्हीकडे लोखंडी खांब आहेत आणि ते प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. खांब नेमका तुमच्या आणि बॉल टाकणाऱ्या पिचरच्या मध्ये आला तर सगळी मॅच मान वाकडी करून बघावी लागते. फेनवेला ग्रँडस्टँडच्या सीट्स खांबांच्या मागे येतात, लोज बॉक्स आणि फील्ड बॉक्स त्यांच्या पुढे, म्हणजे तिथे हा त्रास नाही. रिग्लीला १०० नंबरचे सेक्शन पुढे आणि २०० चे मागे. २०० मध्ये अगदी मागच्या रांगा घेतल्या तर वरच्या मजल्यामुळे उंच उडालेला बॉल मध्येच दिसेनासा होतो आणि तो पकडला की पडला हे लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. तिकिटावर ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू, म्हणजे समोर अडथळा आहे, असं लिहिलंय का ते बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका, त्या सीटवरून काढलेले फोटो नेटवर शोधा, बहुतेक वेळा सापडतात. आणखी एक, फेनवेच्या राइट फील्डकडच्या बऱ्याच सीट्सचं तोंड होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा राहतो तिकडे, नाहीच, समोर आउटफिल्ड, म्हणजे मैदानाचा लांबचा भाग येतो, म्हणजे बॅटर बघायचा तर पूर्ण वेळ डावीकडे वळून बसायचं. तिकीट स्वस्त मिळालं तरी मी तिथे बसणार नाही.

दुसरं म्हणजे तुमची टीम कुठल्या बाजूला बसते ते. फेनवेला पाहुण्यांचा डगआउट, म्हणजे टीम बसते तो कट्टा, थर्ड बेसच्या (होम प्लेटमागून बघताना डाव्या) बाजूला आहे आणि रिग्लीला फर्स्ट बेसच्या (उजव्या), कारण तिथली होम टीम कब्स स्वतः थर्ड बेसला बसते. हे उलटंपालटं लक्षात न ठेवता तिकीट काढलं की आपले प्लेअर्स समोरच्या टोकाला लांब दिसत राहतात. आता यात उन्हाचा भाग पण येतो. दोन्हीकडे दुपारनंतर सावली आधी थर्ड बेसच्या बाजूला येते, म्हणजे फेनवेला आपल्या टीमच्या मागे बसलात तर सावलीचाही फायदा, पण रिग्लीला दुपारची मॅच असेल तर आपल्या डगआउटजवळ बसायचं म्हणजे ऊन खायची तयारी ठेवायची, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. रिग्लीला दुपारच्या मॅचेस अजूनही भरपूर असतात, १९८८ पर्यंत तर तिथे लाइट्सच नव्हते.

मग पोचायचं कधी? गेट उघडतं तेव्हा. पाहुण्या फॅनसाठी याचं खास कारण आहे. मॅचच्या आधी बॅटिंग प्रॅक्टिस होते तेव्हा होम टीम आधी मारते आणि पाहुणी टीम नंतर, आणि गेट साधारण दीड-दोन तास आधी उघडतं, तोपर्यंत होम टीमचं बरंचसं आटपलेलं असतं. म्हणजे आपण आत शिरतो तेव्हा मैदानात आपलेच लोक असतात! डगआउटच्या जवळ रेलिंगपाशी जाऊन उभं राहा, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पुढे करा, सही मिळायची शक्यता याच वेळेला सगळ्यात जास्त. फक्त प्रॅक्टिस रोज होतेच असं नाही, दुपारच्या मॅचला किंवा पावसाळी हवेत ती रद्द होऊ शकते.

मैदान नीट बघायलाही हीच वेळ चांगली. फेनवेची लेफ्ट फील्डची हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, ३७ फूट उंच आहे, आणि दुसऱ्या मैदानात थेट बाहेर जाऊन होम रन झाला असता असा बॉल इथे भिंतीवर आदळून परत येतो, तेव्हा आपला लेफ्ट फिल्डर त्यासाठी कुठे उभा राहतो हे बघत राहा, मॅचमध्ये खूप काही कळतं. भिंतीतला स्कोअरबोर्ड अजून हाताने बदलतात. राइट फील्डच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डमागच्या उघड्या स्टँडमध्ये, सगळ्या सीट्समध्ये एकच लाल सीट आहे, १९४६ मध्ये बोस्टनच्या होम टीमच्या, रेड सॉक्सच्या, टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा होम रन तिथे पडला होता, तिथे उभं राहून होम प्लेटकडे एकदा बघाच, ते अंतर टीव्हीवर कळूच शकत नाही. रिग्लीला भिंतीवर आयव्हीचा वेल आहे, १९३७ मध्ये लावलेला. बॉल त्यात अडकला तर आउटफिल्डरने दोन्ही हात वर करायचे, मग अंपायर डबल, म्हणजे बॅटरला दोन बेस, देतो, पण फिल्डर जर पानांत हात घालून शोधत बसला तर खेळ चालूच राहतो आणि रनर पळत सुटतात. पाहुण्या टीमचा नवीन पोरगा इथे हमखास गोंधळतो. आणि झेंड्यांकडे लक्ष ठेवा, मिशिगन लेककडून वारा आत येत असेल तर चांगले मारलेले बॉलही आतच पडतात, उलट वारा बाहेर वाहत असेल तर भरपूर रन होतात.

जर्सी घालायची का असं बरेच जण विचारतात. घाला, बिनधास्त घाला. फेनवेला यँकीजची किंवा रिग्लीला कार्डिनल्सची, म्हणजे तिथल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांची, घातलीत तर बोलणी खावी लागतील एवढं गृहीत धरा, पण हसून उत्तर दिलं की शेजारचेच गप्पा मारायला लागतात आणि जुन्या मॅचेसच्या गोष्टी निघतात. चिडायचं नाही, आणि त्यांचा प्लेअर दुखापत होऊन पडला असेल तर अजिबात ओरडायचं नाही. रिग्लीच्या ब्लीचर्समध्ये मात्र विचार करून जा. तिथे पाहुण्या टीमच्या होम रनचा बॉल हातात आला तर तो परत मैदानात फेका म्हणून सगळे ओरडतात. बॉल तुमचा आहे, ठेवला तरी चालतो, पण तेवढा आरडाओरडा झेपणार नसेल तर दुसरीकडे बसा.

जागेवरून उठायचं किंवा परत यायचं ते बॅटर बदलताना, बॉल टाकला जात असताना मध्येच कधीच नाही. जुन्या रांगा अरुंद आहेत, एक माणूस उठला की आठ जणांना उठावं लागतं.

बाकी किरकोळ: तिकीट फोनवर असतं म्हणून चार्जिंग बघा, पैसे कार्डनेच द्यायचे, बॅग छोटी ठेवा आणि निघायच्या आधी क्लबच्या साइटवर साइजचा नियम बघून घ्या. बिअर घेणार असाल तर पासपोर्ट किंवा ओळखपत्र लागतं. गाडी नेऊ नका, दोन्ही स्टेडियम्स भर वस्तीत आहेत, पार्किंग महाग आणि वैताग. फेनवेला ग्रीन लाइनचं केनमोर आणि रिग्लीला रेड लाइनचं अ‍ॅडिसन, दोन्हीकडून चालत काही मिनिटांत पोचता. मॅच संपल्यावर स्टेशनवर प्रचंड गर्दी होते, तेव्हा लगेच पळण्यापेक्षा थोडं थांबा. रिग्लीला तर थांबाच, कारण मॅच संपली की स्कोअरबोर्डवर झेंडा चढतो, कब्स जिंकले तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू आणि हरले तर निळ्यावर पांढरा एल. तो एल चढताना बघायला मिळाला तर फोटो काढल्याशिवाय निघू नका.